ओठ आणि आवाज यांची गाठ

नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटीत असताना आपण कधी लक्षपूर्वक पाहिले असेल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. कपडा दगडावर पडलेला डोळ्यांना दिसतो, आणि आवाज कानी येतो तेव्हा तो कपडा पुन्हा धोब्याच्या डोक्यावर गेलेला असतो. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढ्याच वेगाने चालत येतो. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. आवाजाने थोडे मागाहून यावे हा सृष्टीचा नियमच आहे, आणि त्याबद्दल कोणी धोब्याला दोष देत नाही.

परंतु हाच प्रकार पडद्यावर घडला की आपल्याला तो सहन होत नाही. नायकाचे ओठ मिटतात आणि शब्द मागाहून येतो, किंवा शब्द येऊन जातो आणि ओठ नंतर हलतात, की करुण प्रसंगाचाही फार्स होतो. आज घरोघरी दूरदर्शन संच आहेत, हातोहाती मोबाइल आहेत, आणि ही तक्रारही घरोघरी आहे. दुकानदाराकडे गेले तर तो नवा संच, नवे ध्वनियंत्र, नवी महागडी तार घ्यावयास सांगतो. सामान्य पगारदार माणूस मुकाट्याने तरी बसतो, नाही तर कर्ज काढतो. वास्तविक हे दुखणे सव्वाशे वर्षांहून जुने आहे, आणि त्यावरचे खरे उतारे आजवर नेहमी स्वस्तच निघाले आहेत. तो इतिहास आज सांगावयाचे मी योजिले आहे. कामगार-चळवळीत वावरणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. ओठ आणि आवाज यांची गाठ ज्यांनी घातली त्यांत नामांकित संशोधक होते तसे प्रोजेक्टरजवळ उभे राहणारे ऑपरेटर, पेटीवाले, तबलजी आणि क्लॅप देणारी पोरेही होती, आणि या दुसऱ्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

प्रथम दुखण्याची जात ओळखली पाहिजे. ते दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात आवाज चित्राच्या मागे किंवा पुढे असतो, पण अंतर कायम असते. आरंभी अर्धा सेकंद, तर शेवटीही अर्धाच सेकंद. याला आपण ‘अंतर पडणे’ म्हणू. दुसऱ्या प्रकारात आरंभी सारे ठीक असते, परंतु पुढे पुढे फरक वाढत जातो. याला ‘वाहवत जाणे’ म्हणू. दोन घड्याळे एकदा चुकीची लावली गेली, तर ते पहिले दुखणे. एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा जलद चालते, तर ते दुसरे. पहिल्याला एक खूण पुरते. दुसऱ्याला घड्याळच एक करावे लागते. हा भेद मनात ठेवला म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

एडिसनच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत १८९४-९५ च्या सुमारास डिक्सन नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने एक लहानसा प्रयोग केला. एका मोठ्या कर्ण्यासमोर तो स्वतः व्हायोलिन वाजवीत उभा आहे आणि दोन माणसे नाचत आहेत, असे ते काही सेकंदांचे चित्र आहे. आवाज मेणाच्या नळकांडीवर घेतला होता आणि चित्र फितीवर. दोन्ही घेतली, पण दोहोंची सुरुवात कोठे जुळते याची खूण कोणी ठेवली नाही. फीत एकीकडे राहिली, नळकांडे दुसरीकडे फुटक्या स्थितीत सापडले. शेवटी २००० च्या सुमारास वॉल्टर मर्च या संकलकाने संगणकाच्या साहाय्याने धनुकलीची हालचाल आणि सूर एकमेकांशी लावून पाहिले, तेव्हा कोठे ती गाठ पडली. एका खुणेच्या अभावी शंभर वर्षे गेली!

पुढे १९१३ मध्ये एडिसनने पुन्हा उचल घेतली. पडद्यापाशी फोनोग्राफ आणि प्रेक्षकांच्या पाठीमागे प्रोजेक्टर, आणि दोहोंच्या मध्ये नाट्यगृहाच्या लांबीभर कप्प्यांवरून नेलेला पट्टा, अशी ती योजना होती. पट्टा ताणला किंवा सैल पडला की आवाज वाहवत गेलाच. फ्रान्समध्ये गोमाँ याने १९०२ मध्येच विजेच्या दोन मोटारी तारेने जोडून हे काम करून दाखविले होते. तेथेही फरक पडू लागला तर तो भरून काढण्यासाठी माणसाच्या हाती एक नियंत्रक द्यावाच लागे. इंग्लंडात हेपवर्थने १९१० च्या सुमारास ‘व्हिव्हाफोन’ नावाचे साधे उपकरण काढले. त्यात ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर एक काटा असे. काटा उभा असेल तर सारे ठीक. एका बाजूस कलला तर प्रोजेक्टर जलद फिरवावयाचा, दुसऱ्या बाजूस कलला तर मंद. यंत्र स्वस्त होते, कारण त्यातील महागडा भाग म्हणजे ऑपरेटरचे लक्ष, आणि त्याचा भाव निराळा लावण्याची रीत तेव्हा नव्हती.

याच काळात जगभर मूकपटगृहांतून एक व्यवस्था चालू होती, ती मात्र या सर्व यंत्रांपेक्षा बिनचूक होती. आपल्याकडे पडद्याच्या बाजूस पेटीवाला आणि तबलजी बसत. घोडा दौडू लागला की तबला दौडू लागे, नायिका रडू लागली की पेटी रडू लागे. आपल्या संगीत नाटकाच्या भाषेत यालाच ‘साथ’ म्हणतात. साथीदार गायकाच्या किंचित मागे असतो. किती मागे, हे त्याच्या कानाला ठाऊक असते आणि श्रोत्याला जाणवतही नाही. जपानात तर पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचे निवेदक उभे राहत आणि सर्व पात्रांचे संवाद स्वतःच्या तोंडाने बोलत. माणूस डोळ्याने पाहतो आणि त्याबरहुकूम आवाज देतो. फीत तुटली तर तो थांबतो, फीत सुरू झाली की तो सुरू होतो. त्याला ना पट्टा लागत होता, ना काटा.

मग यंत्र सुधारले. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉर्नर बंधूंनी ‘व्हिटाफोन’ पद्धतीने ‘डॉन जुआन’ दाखविला आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’. यात आवाज सोळा इंच व्यासाच्या तबकडीवर असे. ती मिनिटाला ३३ पूर्णांक एक-तृतीयांश फेरे घेई आणि सुमारे अकरा मिनिटांचे एक रीळ पुरवी. तबकडी आणि प्रोजेक्टर एकाच मोटारीवर फिरत, म्हणजे घड्याळ एक झाले आणि वाहवत जाण्याचे दुखणे बरे झाले. अंतर पडू नये म्हणून तबकडीवर बाण कोरलेला असे आणि फितीवर आरंभाची चौकट ठरलेली असे. बाणावर सुई, झरोक्यात ती चौकट, मग कळ दाबावयाची.

परंतु फीत तुटली म्हणजे? सेकंदाला २४ चौकटी जात. तुटलेल्या जागी बारा चौकटी खराब झाल्या आणि ऑपरेटरने त्या कापून नुसता सांधा मारला, की तेथून पुढे चित्र अर्धा सेकंद पुढे आणि आवाज मागे. रीळ संपेपर्यंत तीच रड. यावर उतारा एकच होता : जेवढ्या चौकटी गेल्या तेवढ्या मोजून त्या जागी तेवढीच काळी फीत जोडणे. पडद्यावर अर्धा सेकंद अंधार होई, पण ओठ आणि आवाज पुन्हा भेटत. लाखो डॉलर ओतून उभारलेल्या त्या व्यवस्थेची लाज एका कात्रीने, थोड्या डिंकाने आणि बोटांवर चौकटी मोजणाऱ्या माणसाने राखली, हे येथे नमूद केले पाहिजे.

तबकडीचे युग थोडक्यातच संपले. जर्मनीतील तिघा संशोधकांनी १९२२ मध्ये बर्लिन येथे, आणि अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने १९२३ मध्ये, आवाज प्रकाशाच्या रूपाने फितीवरच उमटविण्याच्या पद्धती दाखविल्या होत्या. चित्र आणि आवाज एकाच फितीच्या अंगावर बसल्यावर ताटातूट होण्याचे कारणच उरत नाही, असे वाटेल. पण यातही एक मेख आहे. झरोक्यासमोर फीत धक्क्याधक्क्याने सरकते, कारण प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर राहावी लागते. आवाज वाचताना मात्र ती संथ आणि अखंड वाहिली पाहिजे. म्हणून आवाज वाचणारा भाग झरोक्यापासून वीसएक चौकटी दूर ठेवतात आणि फितीवर आवाज तेवढाच पुढे छापतात. मध्ये फितीचा जो झोल राहतो, तो ऑपरेटरने बरोबर ठेवला तर ओठ जुळतात. जास्त-कमी ठेवला तर नाही. म्हणजे एवढे शास्त्र झाल्यावरही गाठ अखेर ऑपरेटरच्या बोटांतच राहिली!

या विजयाची किंमत कोणी दिली? पडद्याजवळच्या साथीदारांनी. अमेरिकेत हजारो वादक एका-दोन वर्षांत चित्रगृहांतून बाहेर पडले. त्यांच्या संघटनेने १९३० मध्ये वृत्तपत्रांत मोठमोठ्या जाहिराती देऊन ‘डबाबंद संगीता’विरुद्ध मोहीम चालविली; तिचा उपयोग झाला नाही. जपानात १९३२ मध्ये बेन्शींनी संप केला. पुढे जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू हेइगो हे नावाजलेले बेन्शी होते आणि त्या संपाचे एक पुढारी होते. संप फसला. १९३३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बोलपट आला हे वाईट झाले, असे मी म्हणत नाही. यंत्र अडवून धरणे कोणाला साधले नाही, आणि साधावे असेही नाही. पण काल ज्यांनी आपल्या डोळ्याने आणि कानाने हे काम चोख केले, त्यांच्या उद्याच्या भाकरीची तजवीज करण्यास मालकांच्या हिशेबात एक चौकटही मोकळी नव्हती, हे विसरता येत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. अर्देशीर इराणी यांनी ‘टॅनर’ पद्धतीचे यंत्र आणले होते. ते जोडून देण्यास आलेले डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ दिवसाला शंभर रुपये घेत. ती रक्कम परवडेना, म्हणून त्यांच्याकडून मूळ गोष्टी शिकून घेऊन इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच केले. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ. गाड्यांचा खडखडाट आवाजात येई. आवाजबंद स्टुडिओ बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हा गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करण्याचा मार्ग त्यांनी काढला. त्याला एक छदामही लागला नाही. जागरण मात्र सर्वांना लागले.

त्या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच कॅमेऱ्यात एकाच फितीवर उमटत. ओठ जुळविण्याचा प्रश्नच नव्हता. गाण्याच्या वेळी वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड दडवून बसवावे लागत आणि गाणे जागच्या जागी म्हणावे लागे. पण संकलनाला ती पद्धत फार अडचणीची. आवाज चित्रापासून काही चौकटी दूर असल्यामुळे चित्र जेथे कापावे तेथे भलताच शब्द कापला जाई. दुर्दैवाने ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. त्यातील हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे. मुळात नामांकित पेटीवादक, साथीच्या कलेतले जाणकार! यंत्राने साथीदार घालविले म्हणतात, पण आपल्या बोलपटाचा पहिला नायकच एक साथीदार होता.

संकलनाची अडचण दूर करण्यासाठी चित्र एका फितीवर आणि आवाज दुसऱ्या फितीवर घेण्याची पद्धत रूढ झाली. आता पुन्हा डिक्सनचाच प्रश्न उभा राहिला : दोहोंचा आरंभ कोठे जुळतो? याचे उत्तर म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या. प्रसंगाचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरावयाची आणि पट्ट्या एकमेकींवर आपटावयाच्या. ज्या चौकटीत पट्ट्या मिटलेल्या दिसतात ती चौकट, आणि आवाजाच्या फितीवर जेथे ‘टक्’ उमटतो ती जागा, ही दोन समोरासमोर आणली की पुढचा सारा प्रसंग जुळला. पट्ट्यांना बिजागरी लावण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातील चित्रनिर्माते फ्रँक थ्रिंग यांना दिले जाते. ध्वनिचित्राच्या साऱ्या इतिहासात याहून स्वस्त शोध नसेल. आणि तो क्लॅप देणारा पोरगा स्टुडिओच्या पगारपत्रकात तळाशीच सापडे.

आपल्याकडे आणखी एक उलटा मार्ग निघाला. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये, नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली, ‘भाग्यचक्र’ आणि त्याचा हिंदी अवतार ‘धूप छाँव’ यांत गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते कर्ण्यातून वाजविण्याची रीत वापरली. आवाज ओठांमागे धावण्याऐवजी ओठच आवाजामागे धावू लागले. पुढे वजनाला हलके पण आवाज करणारे कॅमेरे आले, तेव्हा संवादही मागाहून डबिंगच्या खोलीत घेऊ लागले. प्रसंगाचा तुकडा पडद्यावर पुनःपुन्हा फिरे आणि नट आपल्याच ओठांकडे पाहत तोच संवाद पुनःपुन्हा बोले. ही बेन्शीचीच कला होती, फक्त बंद खोलीत गेलेली. दीर्घकाळ बहुतेक हिंदी चित्रपट असेच जुळविले गेले, म्हणूनच २००१ मधील ‘लगान’चे संवाद चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित झाले, याची एवढी चर्चा झाली.

वाहवत जाण्याच्या दुखण्यावरचा स्वस्त उतारा १९६० च्या सुमारास अमेरिकेतील वृत्तपटकारांनी काढला. खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्याच्या गळ्यात टेपरेकॉर्डर, अशी त्यांची जोडी फिरे. दोहोंना जोडणारी तार गर्दीत पायांत येई. त्या सुमारास ‘अ‍ॅक्युट्रॉन’ नावाचे मनगटी घड्याळ निघाले होते. त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा लहानसा चिमटा असे. तेच घड्याळ त्यांनी यंत्रांना ताल देण्यासाठी वापरले. दोन्ही यंत्रे एका तालावर चालली की तारेची गरजच उरत नाही. आपण एका ठेक्यावर पावले टाकतो, त्यासाठी एकमेकांना दोरीने बांधून घेत नाही; तसेच हे.

आता आपल्या घरातील संच. आजचा संच प्रत्येक चित्र आधी स्वतःच्या स्मरणात घेतो, त्याला उठाव देतो, मग दाखवितो. यात वेळ जातो. आवाजाला एवढी रंगरंगोटी लागत नाही, तो आधीच बाहेर पडतो. म्हणजे जे सृष्टीत कधी घडत नाही ते घडते : शब्द आधी आणि ओठ मागाहून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत म्हटले आहे, की आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाला ते कळू लागते, पण मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मागे राहणारा आवाज आपण धोब्यापाशी शिकलेलो आहोत. पुढे धावणारा आवाज कान खपवून घेत नाही.

मग स्वस्त उपाय काय? पहिला, क्लॅपचाच. मोबाइलवर कोणीतरी टाळी वाजवीत असल्याचे चित्र घ्या आणि ते संचावर लावा. हात मिटणे आणि आवाज यांत अंतर दिसले, तर संचाच्या किंवा ध्वनियंत्राच्या मांडणीत ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ या नावाची सोय बहुधा असते. तिने आवाज थोडा थोडा मागे खेचा. बहुतेक घरांतील तक्रार येथेच मिटते. दुसरा, चित्रावरील रंगरंगोटी कमी करणे. संचात ‘गेम मोड’ असेल तर तो लावल्याने चित्र लवकर बाहेर पडते. तिसरा, बिनतारी कर्णयंत्राचा. ब्लूटूथने आवाज मागे पडतो, आणि न आलेला आवाज पुढे आणणे कोणाला शक्य नाही. काही यंत्रे त्यासाठी चित्रच थांबवून धरतात. जी धरीत नाहीत तेथे साधी तार जोडावी. चौथा, संगणकावर चित्र पाहताना. ‘व्हीएलसी’ हे फुकट मिळणारे साधन पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या कामातून निर्माण झाले. त्यात ‘जे’ आणि ‘के’ या अक्षरांच्या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे सरकतो.

एवढे करूनही आवाज पुन्हा वाहवत गेला, तर खूण पुरणार नाही. घड्याळे निराळी आहेत असे समजावे. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत दूरदर्शनासाठी चौकटींचा वेग हजारात एक भागाने कमी केला गेला. २४ च्या जागी २३.९७६ अशी ती कसर आजही अनेक चित्रफितींत आहे. हिशेब न सांभाळता एका वेगाचा आवाज दुसऱ्या वेगाच्या चित्राला जोडला, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. अशा वेळी सुरुवात जुळवीत बसण्यात अर्थ नाही. आवाजाची एकूण लांबी चित्राच्या लांबीइतकी करावी. संगणकावरील फुकटची साधने तेही करतात.

मोठ्या सभांतूनही हल्ली वक्त्याचे चित्र पडद्यावर दाखवितात. चित्र दोन चौकटी, म्हणजे ८० मिलिसेकंद, मागे पडले असे धरा. तेवढ्या वेळात आवाज सुमारे २७ मीटर जातो. तेव्हा व्यासपीठाजवळच्या कर्ण्यातून निघालेला आवाज २७ मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला चित्राशी अगदी जुळलेला मिळतो, आणि पहिल्या रांगेतील पाहुण्यांना मात्र तो जुळत नाही. मागच्या रांगेला लाभ होण्याचा असा प्रसंग क्वचितच येतो!

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. दोहोंना ओळखू येईल अशी एक खूण असावी. दोहोंचे घड्याळ एक असावे. आणि जो पुढे गेला त्याने मागच्यासाठी थांबावे. पट्टा, मोटार, तबकडी, फीत, संगणक हे सारे बदलत गेले, या तीन गोष्टी बदलल्या नाहीत. त्यांतली तिसरी मला विशेष वाटते. मागे पडलेल्याला फरफटत पुढे ओढण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. जुळवणूक होते ती पुढच्याच्या थांबण्यानेच. मोर्चा काढणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे ठाऊक असते : पुढची रांग लांब निघून गेली, तर मागच्या बायाबापड्यांची घोषणा तिच्या कानी पोहोचत नाही. पुढच्यांनी चार पावले थांबण्यास खर्च येत नाही. पेटीवाले आणि बेन्शी मागे पडले तेव्हा त्यांच्यासाठी कोणी थांबले नाही. आज नवी यंत्रे आवाजच काय, ओठही नव्याने घडवू लागली आहेत. आवाज देऊन पोट भरणारी माणसे आज कोणत्या रांगेत उभी आहेत, ते पाहण्याची जबाबदारी आपली आहे.